जुन्या ४०७ चे तीन आवाज: बॉक्स, प्रोपेलर शाफ्ट की हौजिंग?

मांडववाला_कराड

राम राम मंडळी.

मांडव-डेकोरेशनचा धंदा आहे. पाइप, प्लॅटफॉर्म, कापड, भांडी असं सगळं वाहायला एक टाटा ४०७ ट्रक आहे, लाँग चासी, २००४ ची. इंजिनाची तक्रार नाही, पहिल्या सेल्फला सुरू होते. तक्रार आहे ती खालून आणि मागून येणाऱ्या आवाजांची. आवाज तीन आहेत, म्हणून वेगवेगळे लिहितो.

एक: गाडी उभी, न्यूट्रलला, क्लच सोडलेला, की खालून खरखर येते. क्लच दाबला की बंद.

दोन: गाडी उचलताना आणि दुसऱ्यावरून तिसरा टाकताना खाली 'ठक्' होतं. रिव्हर्स घेऊन लगेच पुढे काढली तर जास्तच.

तीन: ४५ च्या पुढे 'ऊंऽऽ' सुरू होतं. ५० ला सगळ्यात जास्त, पायाखालच्या पत्र्याला जाणवतं. ६० ला जरा कमी वाटतं, पण ६० ला मी फारसा जात नाही. माल भरला की वाढतं.

इथल्या एका गॅरेजवाल्याने चक्कर मारली आणि निकाल दिला: मागच्या हौजिंगमधलं (मागच्या ॲक्सलच्या कवचातलं) क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकांकडे ताकद वळवणारे दोन दातेरी गिअर, गेलंय, गिअरबॉक्सही उतरवावा लागेल, दोन्ही एकदमच करून घ्या. आकडा ऐकला आणि समोरचा चहा तसाच ठेवून परत आलो. लगीनसराई चालू आहे, गाडी आठवडाभर उभी ठेवणं जमणार नाही. यातलं खरंच किती करावं लागेल आणि कुठे धीर धरता येईल?

खटारा

टेपचा आवाज वाढवा. तिन्हींवर एकच औषध.

वाचनमात्र

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दापोडीकर काकांची वाट बघतोय.

दापोडीकर

आलो.

मांडववाले, तुम्ही निम्मं काम आधीच केलंय. क्लच दाबल्यावर काय होतं, किती स्पीडला येतो, माल भरल्यावर काय होतं हे गाडीवाला सहसा सांगत नाही. तो सांगतो "आवाज येतो" आणि हात हलवतो. लोखंडी चासीत आवाज कुठूनही कुठेही जातो, मागचा आवाज केबिनमध्ये पायाशी येऊन बसतो. त्यामुळे कानाने जागा शोधत बसू नये. कधी येतो आणि कशाने बंद होतो ते आधी वहीत लिहावं. एसटीच्या दापोडी वर्कशॉपला आम्ही ड्रायव्हरची तक्रार वाचून आधी तेवढंच विचारायचो.

आता पहिला आवाज. न्यूट्रलला क्लच सोडलेला असतो तेव्हा क्लच शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतो आणि त्याला गुंतलेला लेशाफ्टही (बॉक्समधला दुसरा, समांतर शाफ्ट) फिरतो. क्लच दाबला की दोन्ही थांबतात. म्हणजे खरखर या दोन शाफ्टांच्या बेरिंगपैकी कशाची तरी आहे. उलट असतं, म्हणजे क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता, तर मी रिलीज बेरिंग म्हटलं असतं, नाहीतर फ्लायव्हीलमधलं पायलट बेरिंग.

पण थांबा, इथे एक फसवणूक आहे. डिझेलचं आयडल फार खाली आणलेलं असेल तर इंजिनाच्या धक्क्यांनी बॉक्समधले मोकळे दात एकमेकांवर आपटतात. क्लच प्लेटच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील तर आणखीच. त्याचाही आवाज क्लच दाबल्यावर बंद होतो. म्हणून ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरा. आवाज गेला तर दातांची खडखड, आयडल नीट करा आणि विसरा. आवाज इंजिनाबरोबर चढत गेला, जात्यात हरभरे पडल्यासारखा, तर बेरिंग.

पुढची परीक्षा रस्त्यावर. ज्या बॉक्सचा टॉप डायरेक्ट असतो त्यात टॉपला ताकद क्लच शाफ्टातून सरळ मेन शाफ्टला जाते, लेशाफ्ट नुसता बिनभाराचा फिरतो. बाकीच्या गिअरना कण्हतो आणि टॉपला शांत होतो, तर लेशाफ्टकडे बघा. एकाच गिअरला आवाज असेल तर त्या गिअरचे दात किंवा त्याचं बेरिंग.

दुसऱ्या-तिसऱ्या आवाजाचं जेवून आल्यावर लिहितो.

कांदा_लसूण

काकांचा आदर ठेवून सांगतो, जुनी गाडी आवाज करणारच. आमच्याकडे लासलगावला कांद्याच्या हंगामात अशा गाड्या रांगेत उभ्या असतात, एकेकीचा आवाज ऐकाल तर झोप उडेल. तरी माल पोचतो. बॉक्समध्ये १४० नंबरचं जाड ऑइल भरा, खरखर निम्मी होते.

दापोडीकर

कांदेवाले, खरखर निम्मी होत नाही, ती ऐकू येणं निम्मं होतं. जाड ऑइल दातांमध्ये गादी करतं, पण थंडीत सकाळी ते बेरिंगपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि सिंक्रो रिंगला (गिअर टाकताना वेग जुळवणारी पितळी रिंग) पकड मिळत नाही. मग पोरगं गिअर दाबून टाकतं आणि रिंगा संपतात.

जुन्या गाड्यांच्या दलालांची एक खोड सांगतो. विकायच्या आधी हौजिंगमध्ये लाकडाचा भुसा टाकायचे. केळी टाकल्याच्याही गोष्टी आहेत. आठ-दहा दिवस गाडी लोण्यासारखी चालते, गिऱ्हाईक खूश. नंतर भुशाचा लगदा ऑइलच्या वाटा बंद करतो. जुनी गाडी घेताना हौजिंगचा बोल्ट खोलून ऑइल बोटाला लावून बघायचं ते याच्यासाठी.

खटारा

केळी घातल्यावर 'शिकरण-पिनियन' म्हणायचं का?

त्रिज्या

माझं कामच वाहनांच्या आवाज-कंपनाचं आहे, म्हणून तिसऱ्या आवाजावर थोडं गणित.

तुमच्या टायरचं माप ७.५०-१६ असेल तर घेर साधारण २.५ मीटर. ५० च्या वेगाला गाडी सेकंदाला १४ मीटरच्या जवळ जाते, म्हणजे चाक सेकंदाला साडेपाच फेरे मारतं. मागच्या हौजिंगचा रेशो समजा ४ धरला, तर प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या हौजिंगपर्यंत ताकद नेणारा दांडा) सेकंदाला २२ फेरे मारतो. (खरा रेशो काढायचा असेल तर सपाट जागी चाकावर आणि शाफ्टवर खडूने खूण करा, गाडी चाकाच्या एका फेऱ्याएवढी ढकला, शाफ्ट किती फिरला ते मोजा.)

आता बघा. चाकातला किंवा टायरच्या बॅलन्सचा दोष सेकंदाला ५ ते ६ वेळा जाणवेल. ते कानाला ऐकू येत नाही, स्टिअरिंगला किंवा बुडाला हलल्यासारखं वाटतं. शाफ्टचा बॅलन्स गेला असेल तर २२. क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याचा) कोन किंवा त्याची जुळणी बिघडली असेल तर त्याच्या दुप्पट, ४४ च्या आसपास, कारण क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो. आणि क्राऊन-पिनियनचे दात? पिनियनला ८-१० दात धरले तर २२ गुणिले दात, म्हणजे १८० ते २२०. ही त्याहून बरीच वरच्या पट्टीची तार असते.

पायाखालच्या पत्र्यात जाणवणारा जाड 'ऊंऽऽ' हा मला २०० चा वाटत नाही, ४४ च्या जवळचा वाटतो. ५० ला वाढून ६० ला कमी होतो यावरूनही तेच: त्या एका वेगाला चासीचा किंवा केबिनचा एखादा भाग सुरात येतो आणि पुढे सुटतो. फोनमध्ये कंपन मोजणारं ॲप टाका, फोन सीटच्या लोखंडी फ्रेमला घट्ट बांधा आणि ५० ला एक मिनिटभर रेकॉर्ड करा. गाडी दुसऱ्याने चालवायची, हे सांगायला नको.

दापोडीकर

ताई, गणित झकास. पण ॲपच्या आधी टॉमी (लोखंडी पहार). गाडी सपाट जागी, पुढच्या-मागच्या चाकांना ठोकळे, इंजिन बंद, न्यूट्रल. खाली जाऊन शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना पिळायचा आणि प्रत्येक क्रॉसवर नजर ठेवायची. पिळताना फ्लँज आणि क्रॉस वेगवेगळे हलले तर क्रॉस गेला. मग टॉमी शाफ्टखाली घालून वर उचलायचं. लाँग चासीत शाफ्ट दोन तुकड्यांचा आणि मध्ये सेंटर बेरिंग असतं, ते रबरात बसवलेलं असतं. रबर खालून फाटलं की शाफ्ट सहज वर उचलतो. क्रॉसच्या कपाभोवती लालसर गंजाची भुकटी दिसली तर आत ग्रीस नाही, सुया कोरड्या फिरतायत.

'ठक्' चा आवाज याच तपासणीत निघेल. क्रॉस, शाफ्टच्या सरकत्या जोडाचे झिजलेले खाचे, डिफरन्शियलमधले छोटे पिनियन, पाट्यांचे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) यू-बोल्ट, शिकलचे बुश, इंजिन फाउंडेशनची रबरं. स्वस्तापासून महागाकडे जायचं. यू-बोल्टला पाना लावायला पैसे पडत नाहीत.

ओहायोचा_आप्पा

इकडे माझ्याकडे नव्वदच्या दशकातला पाच गिअरचा मॅन्युअल पिकअप ट्रक आहे. त्याच्या बॉक्सच्या वरच्या झाकणाच्या मागच्या बाजूला शिफ्टच्या दांड्यांच्या भोकांना रबरी बुचं आहेत. वीस-तीस वर्षांत ती वाळून कडक होतात आणि चालत्या गाडीत तिथून तेल गळतं. खाली थेंब फारसा दिसत नाही, कारण उभ्या गाडीत तेलाची पातळी त्याच्या खाली असते. लोकांना कळतं तेव्हा बेरिंग ओरडायला लागलेलं असतं. त्यावर उपाय म्हणून पत्र्याची छोटी बुचं ठोकतात, काम एका दुपारचं.

आणि या बॉक्समध्ये गिअर ऑइल चालत नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ लाल तेल घालायचं असतं. कुणीतरी प्रेमाने ९० नंबर ओतलं की थंडीत दुसरा पडत नाही. तेव्हा कांदेवाले, १४० वगैरे घालण्याआधी बॉक्सचं पुस्तक बघा.

खटारा

पिकअपला ट्रक म्हणणाऱ्यांनी या धाग्यावर प्रतिसाद देऊ नये. मग आमच्या छोट्या हत्तीला काय जहाज म्हणायचं?

ओहायोचा_आप्पा

इथे रजिस्ट्रेशनच्या कागदावर ट्रकच लिहिलंय, दाखवू का?

स्टेपनी

आमच्या घरी ट्रान्सपोर्ट आहे, हिशेब आणि गॅरेजवाल्यांशी भांडण माझ्याकडे. त्यामुळे पाने मारता येत नसले तरी बिलं वाचता येतात.

मांडववाले दादा, हौजिंग खोलायच्या आधी टायर बघा. मागे लग पॅटर्नचे (जाड आडव्या खाचांचे) किंवा रिट्रेड टायर असतील तर ते हुबेहूब क्राऊन-पिनियनसारखे गुरगुरतात. ओळखायचं कसं? टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो. डांबरावरून काँक्रीटवर गेलात की वेगळा, नव्या गुळगुळीत डांबरावर कमी. आमच्या एका गाडीचं असंच होतं, एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर इतका हुंकार की ड्रायव्हर खोपोलीला उतरून खाली बघायचा, आणि जुन्या रस्त्याला लागलं की गायब. हौजिंगला रस्ता कळत नाही.

व्हील बेरिंगचंही तपासा. मोकळ्या रस्त्यावर थोडं डावीकडे-उजवीकडे वळवत न्या. वजन ज्या चाकावर जातं त्याचा आवाज वाढतो.

आणि कुणी सांगितलं की मागची चाकं जॅकवर उचलून गिअरमध्ये पळवून बघू, तर नाही म्हणा. एक चाक जमिनीला टेकलं की गाडी जॅकवरून उडी मारते. तसंही एक चाक अडकलं तर डिफरन्शियल दुसऱ्याला दुप्पट वेगाने फिरवतं, टायर फुटलाच तर माणूस जाईल.

कांदा_लसूण

ताईंशी सहमत. जॅकवर गिअर नको. त्यापेक्षा प्रोपेलर शाफ्ट उतरवा आणि उभ्या गाडीत एकेक गिअर टाकून बघा. आवाज आला तर बॉक्स, नाही आला तर मागे.

दापोडीकर

चांगली रीत आहे, पण बिनभाराची आहे हे लक्षात ठेवा. भार पडल्यावरच ओरडणारं बेरिंग अशा वेळी गप्प बसतं. "आवाज आला" म्हणजे बॉक्स पक्का, "नाही आला" म्हणजे बॉक्स सुटला असं नाही.

मांडववाले, एक राहिलं. खाली जाण्याआधी हे करा: सपाट, मोकळा रस्ता, ५० चा वेग, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचला. मग पुन्हा ५० ला आणून न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवून. घाटात हे अजिबात करायचं नाही, आणि इंजिन बंद तर कुठेच नाही, ब्रेकचा व्हॅक्यूम इंजिनावर असतो. क्राऊन-पिनियनचा आवाज ओढताना एक आणि पाय उचलल्यावर दुसरा असतो, दाताची वेगळी बाजू टेकते ना. पाय उचलला, न्यूट्रल केलं तरी काडीचा फरक नाही, तर क्राऊन-पिनियनवर संशय घ्यायला मी तयार नाही.

आणि शेवटचा प्रश्न, जो गॅरेजवाल्याने आधी विचारायला हवा होता: हा 'ऊंऽऽ' सुरू व्हायच्या आधी गाडीला शेवटचं काम काय केलं होतं?

टोपण_नाव_सुचेना

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे ट्रक नाही, तरी सगळं वाचतोय.

अवांतर: ४०७ आली कधी? आमच्या गावात शाळेत असताना ती नवीन होती आणि पोरं नंबरप्लेट बघायला जायची.

दापोडीकर

१९८६. त्या काळात जपानी भागीदारीतल्या हलक्या ट्रकांची लाट होती: डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, ऑल्विन निस्सान. टेल्कोने पुण्यातून ४०७ काढली आणि या सगळ्यांना पुरून उरली. आज ऑल्विन निस्सान म्हटलं तर निम्म्यांना आठवणार नाही, आणि ४०७ चा क्रॉस मात्र तालुक्याच्या कोणत्याही स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतो. जुनी गाडी ठेवण्यात हे सगळ्यात मोठं सुख.

कांदा_लसूण

आणि टेल्को म्हणणारा माणूस पन्नाशीच्या पुढचा, हेही कळतं. २००३ पासून टाटा मोटर्स आहे काका.

दापोडीकर

माझ्यासाठी टेल्कोच.

मांडववाला_कराड

सगळ्यांचे आभार. काल माल सोडून रिकामा येताना आणि आज भरून जाताना, दोन्ही वेळा तपासलं. सांगितलेल्या क्रमाने लिहितो.

खरखर: ॲक्सिलरेटर दाबून धरला तर चढत गेली. म्हणजे बेरिंग. बाकीच्या गिअरना चालताना बारीक कण्हणं आहे, टॉपला जवळजवळ नाही.

'ऊंऽऽ': ५० ला पाय उचलला, फरक नाही. न्यूट्रल केलं, तसाच. डांबर आणि काँक्रीट, तसाच. डावं-उजवं वळवलं, तसाच. टायर मागे लगच आहेत, पण दोष त्यांचा दिसत नाही. ॲप पुतण्याने लावलं. शिखर ४३-४४ ला दिसतं, त्याच्या अर्ध्यावर एक छोटं आहे. २०० च्या आसपास मला काही दिसलं नाही.

काकांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: दिवाळीनंतर कुंभार्ली घाटातून चिपळूणचा मांडव उतरवून येताना मागचा क्रॉस गेला होता. वाटेतल्या एका गॅरेजमध्ये शाफ्ट उतरवून नवीन क्रॉस टाकला. आता बोलताना लक्षात येतं, आवाज त्याच्यानंतरचा.

त्रिज्या

४३-४४ आणि शाफ्ट उतरवलेला होता! दादा, शाफ्टच्या सरकत्या जोडावर दोन बाण किंवा पंचाने मारलेल्या खुणा असतात, त्या समोरासमोर आहेत का बघा.

दापोडीकर

ताईंनी माझ्या तोंडचं घेतलं. नीट सांगतो, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढचा शाफ्ट एकसारखा फिरला तरी मागचा फेऱ्यात दोनदा पुढे जातो, दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हेच उलट करतो आणि हिशेब फिटतो. पण तो फिटायला एकाच शाफ्टच्या दोन्ही टोकांचे दुबेळके (क्रॉस धरणारे कान) एका रेषेत असावे लागतात. सरकता जोड खाचांचा असतो. उतरवताना सुटला आणि बसवताना एक-दोन खाचा इकडेतिकडे बसला, तर हिशेब पुरता फिटत नाही. दिसायला सगळं ठीक, क्रॉस नवा, ग्रीस भरलेलं, बोल्ट आवळलेले. गाडी मात्र हुंकारते. माल भरल्यावर पाटे सरळ होतात, हौजिंग वर येतं, क्रॉसचा कोन बदलतो, म्हणून तुमचा आवाज मालाबरोबर वाढतो.

ग्रीस आणि माती तारेच्या ब्रशने साफ करा. बाण सापडले नाहीत तर शाफ्टच्या एका टोकाला उभं राहून नजरेने बघा, दोन्ही टोकांचे कान एका सपाटीत आहेत का. सरकवून जुळवा. पुन्हा उतरवायच्या आधी पांढऱ्या रंगाने खूण मारा, फ्लँजवरसुद्धा.

खटारा

म्हणजे एका खाचेपायी गॅरेजवाला क्राऊन-पिनियनचा जोड विकणार होता. मी उगाच टेपचं सांगितलं, इथे तर पंचांग काढायला हवं होतं.

स्टेपनी

विकला असता आणि आवाज तसाच राहिला असता, मग "नवीन सेट आहे, रनिंगला बसेल" असं सांगून परत पाठवलं असतं. क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर घासून जोडी केलेले असतात, दोन्हींवर एकच नंबर असतो, म्हणून कायम सेटच बदलतात. बिल केवढं होतं ते मी बघितलंय. आणि बसवणाऱ्याने शिम लावून दातांमधली चाल डायलवर मोजली नाही, दातांना रंग लावून ठसा बघितला नाही, तर शांत हौजिंगही ओरडायला लागतं. चांगलं हौजिंग विनाकारण खोलायचं नाही ते त्यासाठी.

मांडववाला_कराड

झालं. आमच्याच ओळखीच्या फिटरला बोलावलं, गोडाऊनच्या अंगणात काम केलं.

बाण होते, ग्रीसच्या थराखाली. समोरासमोर नव्हते. मागच्या तुकड्याचे कान एकमेकांना चक्क तिरके होते, मलाही दिसलं. जुळवून बसवले. सेंटर बेरिंगचं रबर खालून अर्धं फाटलेलं होतं, बेरिंगसकट नवीन टाकलं. 'ऊंऽऽ' नावाला उरलाय, भरलेल्या गाडीत ५० ला कान देऊन ऐकला तर.

'ठक्': डाव्या बाजूच्या यू-बोल्टचे नट चांगलेच फिरले. आवाज निम्म्याने गेला. उरलेला सरकत्या जोडाच्या खाचांचा आहे असं फिटर म्हणतो, हाताने पिळल्यावर थोडी चाल दिसते.

बॉक्स: ऑइल लेव्हलच्या भोकापासून बोटभर खाली होतं. मागचं सील ओलं. वरचा श्वासनळीचा नट चिखलाने पूर्ण बुजलेला, तो पेट्रोलने धुऊन मोकळा केला. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काळी, मऊ पेस्ट होती, टोचणारा तुकडा नाही. ऑइलमध्ये पिवळी चमकही नाही. खरखर मात्र आहे तशीच. आता काय करू?

त्रिज्या

काळी मऊ पेस्ट म्हणजे नेहमीची झीज. पिवळी चमक असती तर सिंक्रो रिंगांची पितळ समजायची. ऑइलचं सांगते: हौजिंगमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला हायपॉइड प्रकार असेल तर दात एकमेकांवर घासत सरकतात, त्यांना जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. बॉक्सला पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर तेच घाला. जीएल-५ मधली गंधकाची द्रव्यं काही ठिकाणी पितळेच्या रिंगांना खातात. एका डब्यातून दोन्हीकडे ओतायची सवय आपल्याकडे फार.

कांदा_लसूण

ओतणारा हजर आहे. पण गाड्या चालल्या बुवा.

दापोडीकर

मांडववाले, नवीन ऑइल योग्य ग्रेडचं, भोकातून सांडेपर्यंत भरा आणि गाडी चालवा. श्वासनळी बुजली की गरम हवा सीलमधून वाट काढते, त्यामुळे सील ओलं होतं. आता मोकळी झाली, गळती कदाचित थांबेलही. पंधरा दिवसांनी पुन्हा लेव्हल बघा.

बेरिंगला किती धीर धरायचा? चालताना गिअर आपोआप सुटायला लागला, टॉपलाही ओरड सुरू झाली, किंवा चुंबकावर टोचणारी कपची आली, तर त्याच दिवशी गाडी उभी करायची. बेरिंग फुटलं की तुकडे दातांत जातात आणि मग बॉक्सचं कव्हरसुद्धा वाचत नाही. यातलं काही नसेल तर सीझन काढा.

बॉक्स उतरवाल तेव्हा क्लच शाफ्टचं आणि लेशाफ्टचं, दोन्ही बेरिंगं बदला, एकच नको. मागचं सील, रिलीज बेरिंग, पायलट बेरिंग त्याच वेळी. क्लच प्लेटचे रिव्हेट आणि स्प्रिंगा बघा. हे सगळं स्वस्त आहे, महाग आहे ती बॉक्स चढवण्या-उतरवण्याची मजुरी. सरकत्या जोडाचं स्लीव्ह तेव्हाच बघून घ्या.

मांडववाला_कराड

आषाढी एकादशीनंतर मुहूर्त संपतात. ती आणि गणपतीच्या मांडवांची गडबड यांच्या मध्ये मला थोडी मोकळीक मिळते, तेव्हा उतरवतो. बेरिंगं आधीच आणून ठेवू का? पुण्याला नाना पेठेत जाणं होणार आहे.

दापोडीकर

आणू नका. आधी खोला, जुन्या बेरिंगवरचा नंबर वाचा, मग आणा. मध्ये कधी बॉक्स बदलला असेल तर पुस्तकातला नंबर जुळणार नाही. घेताना डबा आणि बेरिंग दोन्हींवरचा नंबर बघा, नकली माल फार आहे. बेरिंग हातात फिरवून बघायचं, ग्रीस न लावता.

स्टेपनी

आणि पक्कं बिल घ्या.

टोपण_नाव_सुचेना

काका, माझ्या स्कूटरला ४० ला 'किर्रर्र' येतं, ब्रेक दाबला की बंद...

दापोडीकर

वेगळा धागा काढा. आणि तोवर मागच्या ड्रमचं झाकण खोलून ब्रेक लायनर बघा.